देमेत्राचा फलक आणि आईचं पातेलं

१६ नोव्हेंबर
क्रीट बेटावरच्या संग्रहालयातली नोकरी मिळाली! महिनाअखेर उत्तर द्यायचंय. आईला सांगितलं नाही. सप्टेंबरात पडल्यापासून ती काठी घेऊन चालते. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच. तिला इथे एलेफसिनात एकटी टाकून जाऊ?

काम काहीच झालं नाही. प्राचीन ग्रीकांच्या देमेत्रा देवीच्या पडक्या देवळापाशी नवा फलक लावायचाय. साहेब म्हणाले, "एकच उपाधी लिही, बाई. उन्हात उभं राहून कोण वाचतंय!" हिरवी, धान्याची, नियम घालून देणारी, जमिनीतून दान वर पाठवणारी — यातली कोणती ठेवू?

१८ नोव्हेंबर
'शोकमग्ना' लिहिलं. मुलगी पाताळात नेली म्हणून रडत फिरलेली आई. उपाधी जुनीच आहे, पण मी ती देवीकडे बघून निवडली की क्रीटकडे?

आईला वाचून दाखवलं. ती मसूर निवडत होती. "सगळ्या जगाला भाकरी देते, आणि तुम्ही तिला रडकी म्हणून लावता? तुला तिची इतकी नावं पाठ! एकदा तरी हाक मारलीस का?"

१९ नोव्हेंबर
खोडलं.

२१ नोव्हेंबर
आज मध्यपेरणीच्या मारियामातेचा सण, पेरणी अर्ध्यावर आली की येणारा. दरवर्षी आई धान्यं शिजवून देवळामागच्या टेकडीवरच्या चॅपलमध्ये नेते. यंदा रांधणं माझ्याकडे. गहू, हरभरे, मसूर, मनुका, डाळिंबाचे दाणे. दरवर्षी असणारा बाकला, तो जाड घेवडा, मुद्दाम वगळला — देमेत्राची दीक्षा घेतलेल्यांना तो वर्ज्य होता!

आशीर्वाद झाला, एकमेकींच्या पातेल्यांत चमचे पडले. शेजारच्या फोतूलामावशी चावता चावता थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "कालोमीरा, अगं बाकला कुठाय?"

आई म्हणाली, "लेक शिकलेली आहे ना माझी! मारियामातेच्या घरी येऊन देमेत्राचं पथ्य पाळते!"

पाद्रीबाबासुद्धा हसले. मी लाजून लाल. जाफीरिस काका — समोरच्या सलामिना बेटावर राहणारे, तिथल्या फेरीबोटीवरून निवृत्त झालेले, आईला हात देत आणि आमचं पातेलं उचलून तेच वर आले होते — म्हणाले, "मला तर आवडलं बुवा. वाढ अजून."

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. आशीर्वादाच्या वेळी मी मनात 'धान्याची' म्हणत होते. श्रद्धा नसलेल्या माणसाने असं करावं का? लबाडी तर नव्हे? पण बरं वाटलं!

२४ नोव्हेंबर
फलकावर 'धान्याची' पक्कं. साहेब खूश.

क्रीटला नकार लिहून ठेवलाय, उद्या पाठवीन. आईसाठी. — आईसाठीच ना? की नव्या गावाची भीती वाटते आणि आईची काठी आयती सापडली?

२५ नोव्हेंबर
नकार पाठवला नाही. सकाळी आईला सगळं सांगून टाकलं. ती खुर्चीतच हसायला लागली. "सुटले गं बाई! तू एकटी कशी राहशील या काळजीने मी जाफीरिसला थांबवून ठेवलंय. नाताळ झाला की लग्न. मी सलामिनाला चालले, पोरी."