गाडीपाशी बसू नका

दादा, पान्याने टायर ठोकल्याचा आवाज आज सकाळपासून कानातून जात नाही. धानोऱ्याच्या जंगलात बांबू भरायला निघण्याआधी तुम्ही ट्रकभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक टायरवर पाना आपटायचे. ठण्ण वाजलं की हवा बरोबर, धप्प वाजलं की कमी. मी गोधडीत पडून ऐकत असे. पुढे मास्तर झालो, टेबलावर बोटं वाजवून पोरांना कवितेची चाल शिकवली, पण ताल म्हणजे काय ते मला त्या टायरांनीच आधी शिकवलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, "बरं, तो जॅक आन इकडं."

आज मात्र आठवणींची हौस म्हणून लिहीत नाही. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती ओमानात असते. जावई तिथल्या सिमेंट कारखान्यात आहे. काम शिकला गडचांदूरला, करतो तिकडे. सुटी लागली म्हणून दोघं भाड्याची गाडी घेऊन वाळवंटातून दूरच्या एका समुद्रकाठच्या गावाला निघाले. आज सकाळी साडेदहाला फोनवर तिची अक्षरं उमटली. "बाबा, गाडी बंद पडली. इंजिन तापलं. मोबाइलची रेंज जाऊन-येऊन आहे. काळजी करू नका." आता तीन वाजलेत. त्यानंतर तिचं एक अक्षर नाही.

निघायच्या आधी तिनेच मला विचारलं होतं. गेल्या आठवड्यात मोबाइलच्या पडद्यावर तिचा चेहरा, मागे जावई पिशव्या भरतोय, आणि ती म्हणते, "बाबा, तुम्ही ड्रायवरचे पोरगे. सांगा, काय काय घ्यावं लागते?" मी काय फुललो म्हणून सांगू! पाणी घ्या, प्यायचं वेगळं अन् गाडीचं वेगळं. दोर घ्या, बॅटरी घ्या, जुनं धोतर घ्या. गाडीचे कागद एकाजवळ, पैसे दुसऱ्याजवळ. आणि गाडी बंद पडलीच तर मागं वीस पावलांवर झाडाची फांदी तोडून टाका, म्हणजे येणाऱ्याला समजते. ती पोट धरून हसायला लागली. "बाबा, इथी झाडच नाई, तं फांदी कुठून आनू?" जावयाने मागून लाल त्रिकोण दाखवला, चमकणारं जाकीट दाखवलं, मदतीचा नंबर छापलेला कागद दाखवला. "हे सारं गाडीतच भेटते मामाजी," म्हणाला. मी म्हटलं, "त्रिकोन ठीक आहे, पन मानूस कुठी भेटते ते पाहून ठेवा." बोलताना मला वाटलं, तोंड माझं आहे अन् आवाज तुमचा.

कारण तो दिवस मी विसरलो नाही. मी कॉलेजातून सुटीवर आलेलो, तुमच्या शेजारी केबिनमध्ये बसून नदीवरची एक कविता म्हणतोय, आणि धानोऱ्याच्या अलीकडे खाडकन आवाज होतो. चाकावरचा भार झेलणाऱ्या कमानीचा पाटा तुटला. दोन्ही बाजूंना नुसतं ऐन, साग, बांबू. तुम्ही चाकांखाली दगड लावता, मागे ऐनाची फांदी टाकता आणि चालायला लागता. मी म्हणतो, दादा, मी गाडीपाशी बसतो, कोणी येईल. तुम्ही वळून पाहता. "गाडीपाशी बसून काय अंडे घालतं? लोखंड आहे ते. जिथी मानूस आहे तिथी चाल." चालताना मला भीती वाटते, मी तीच कविता मनात पुन्हा पुन्हा म्हणतो, चौथ्यांदा संपते तेव्हा कोंबडा ऐकू येतो. त्या गोंडांच्या गावात आपल्याला कोणी नाव विचारलं नाही. आधी पेज दिली. मग तिघं जण कुऱ्हाडी घेऊन आपल्यासोबत आले, तेंदूच्या लाकडाचा ठोकळा तासून कमानीत बसवला, दोराने आवळला, आणि आपण तशाच गाडीने धानोरा गाठलं. तेव्हापासून मी जगात कुठंही गेलो तरी हेच धरून चाललो. गाडी सोडा, गाव गाठा.

म्हणून आज तिचं वाचल्यावर मी क्षणभरही थांबलो नाही. लिहीत न बसता मोबाइलमध्ये बोलूनच निरोप पाठवला. "बाई, गाडीपाशी बसू नका. रस्त्यारस्त्यानं चाला, वस्ती लागतेच." निरोपापुढे दोन खुणा आल्या, म्हणजे पोचला. मला बरं वाटलं. खरं सांगतो, अभिमान वाटला.

दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, मग इंजिन तापलं तर काय करावं, हे विचारायला चौकातल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. माझाच जुना विद्यार्थी. बारा वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून परत चामोर्शीत आला. मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं, मी काय निरोप दिला ते. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "सर, ये क्या बोल दिया आपने? तिथं गाडी कधीच सोडायची नाही. पाणी गाडीत, सावली गाडीची. शोधणाऱ्याले दुरून गाडी दिसते, मानूस नाई दिसत. आमच्या कॅम्पवरचे दोघं असेच चालत गेले होते." मग पाना खाली टाकून म्हणाला, "फोन लावा सर, लवकर लावा."

तेव्हापासून लावतोय. एक फोन संपला की दुसरा. दुसरा निरोप पाठवला, "उतरू नका, गाडीतच बसा." त्याच्यापुढे एकच खूण. तासभर झाला, एकच. पहिला पोचला आणि दुसरा वाटेत अडकला, दादा. तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे आत्ता ऊन डोक्यावर. मी ती नदीची कविता म्हणून पाहिली, तर दुसऱ्या कडव्यात अडकलो. आयुष्यभर जी पाठ होती ती. मग तुमच्यावर रागावलो. आपल्या जंगलापुरतं होतं ते, असं का नाही सांगितलं? पण तुम्ही सिरोंच्याच्या पलीकडे कधी गेला होता? जंगल सगळीकडे असतं, हे मीच धरून बसलो.

दार वाजून राहिलं आहे. पाहून येतो.

विहीणबाई होत्या. जावयाची आई. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पण लग्नात त्यांच्या पाहुण्यांच्या पंगतीला भात कमी पडला तेव्हापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. आज चपला दारात फेकून धापा टाकत आत आल्या. "काऊन हो भाऊ, दुपारपासून फोन कोनाले लावून राह्यले? लागूनच नाई राह्यला! पोट्टे भेटले. पोलिसाची गाडी आली, त्याच्याच फोनवरून बोलला माझा पोरगा. त्याले माझाच नंबर पाठ आहे." मी त्यांना खुर्ची ओढून दिली. त्या बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि रडत हसत सांगायला लागल्या. "पोरगा निघाला होता म्हणे चालाले. तुमच्या पोरीनं हात धरून बसवला. म्हने, पानी गाडीत आहे, तू कुठी चालला? बसून राहिले म्हणून वाचले. तुमचं घरच ड्रायवरचं भाऊ. तुमीच शिकवलं असन तिले."

मी चहा ठेवायला म्हणून आत आलोय आणि ओट्याशी उभा राहून हे लिहितोय. त्यांचा पोरगा का निघाला होता, ते त्यांना माहीत नाही. कोणाचा आवाज ऐकून निघाला, तेही नाही. मी काय उत्तर दिलं, ते तुमच्याशिवाय कोणाला सांगणार नाही, आणि तुम्हाला तर हा कागद पोचणारच नाही.

मी हो म्हणालो, दादा.