आडात उतरला

२२ मार्च १९३६, रविवार. कळंब

आई नाही म्हणते! साफ नाही!

मी बी.ए. झाले, बारामतीला मिशनच्या शाळेत मास्तरीण झाले, आता ईस्टरला आईचा बाप्तिस्मा — मनात सगळं कसं आखून ठेवलं होतं. पाळकांनाही सांगून बसले. आज विषय काढला, तर खुरपं धुता धुता म्हणते, "मी सरगात जायाची, अन् तुजा दादा?"

दादा, म्हणजे माझा बाप, मला आठवतो तो मुरमाच्या धुळीने पांढरा झालेला. विहिरी खणायचा. मी पाच वर्षांची असताना निरवांगीला कामावरच पटकीने गेला. बाप्तिस्मा कुठला, येशूचं नावही त्याच्या कानी पडलं नव्हतं. त्याच्यामागे आईने मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं आणि स्वतः मामाच्या आधाराने कळंबला राहिली.

"त्यो एकला तिकडं, अन् मी देवाच्या मांडवात लाडू खात बसू? न्हाय जमायचं, रतन."

बी.ए.ला हे नव्हतं!

२४ मार्च. बारामती

सापडलं! सापडलं!

सकाळी मुलींबरोबर मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, म्हणत होते. दहाव्या वर्षापासून रोज म्हणते, पाढ्यासारखा. वधस्तंभावर खिळला, मेला, पुरला गेला, अधोलोकात उतरला — आणि माझी जीभच थबकली. मुली पुढे गेल्या, त्यांचा ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठलासुद्धा, मी आपली तिथेच!

अधोलोक म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण. म्हणजे तो तिथे गेला होता! शुक्रवारी दुपारी मेला, रविवारी पहाटे उठला — आणि मधला शनिवार? शनिवारी आम्ही ईस्टरसाठी देऊळ झाडतो. तो काय करत होता, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही!

शाळा सुटल्यावर शास्त्र घेऊन बसले. बायबलातल्या एका पत्रात आहे — बंदीत पडलेल्या आत्म्यांकडे जाऊन त्याने घोषणा केली. आणि फार पूर्वीचे ख्रिस्ती तर म्हणत, त्याने तिथली दारं मोडली आणि आदामाचं मनगट धरून त्याला वर ओढलं. आता आदामाचा बाप्तिस्मा कुणी केला होता?

भाकरी करपली. करपू दे!

२७ मार्च

पाळक संभाजीरावांकडे धावतच गेले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"रतनबाई, हे वाक्य खोल पाण्यातलं आहे. काही मंडळ्या ते म्हणतसुद्धा नाहीत. कुणी म्हणतात, उतरला म्हणजे नुसता मेला, एवढंच. कुणी म्हणतात, वधस्तंभावर भोगलं तोच अधोलोक. तुमच्या वडिलांविषयी शास्त्र गप्प आहे. आपणही गप्प बसावं."

"पण उतरला तर खरा ना?"

"तुम्हाला बी.ए. केलं ही मिशनची चूकच झाली," म्हणाले आणि हसून चहा मागवला.

नाही म्हणाले नाहीत. चहा दिला म्हणजे निम्मं मान्य!

२९ मार्च. कळंब

उपासना झाल्याबरोबर मोटार गाठली. आई रविवारीसुद्धा उसात खुरपत होती. सरीतच बसून सगळं सांगितलं. शनिवार, बंदी, दारं, आदाम.

तिने हात थांबवला. "उतरला म्हंजी कसा? दोर कुनी धरला?"

"अगं, दोर कसला! तो देव आहे."

"देव असला म्हनून काय झालं? वर एक मानूस लागतंच. आत उजेड व्हता?"

हसून माझी मुरकुंडी वळली. प्रोफेसरांनी हे प्रश्न कधी काढले नव्हते!

"किती येळ ऱ्हायला खाली?"

"शुक्रवारच्या दुपारपासून रविवारच्या पहाटेपर्यंत."

"लई झालं. वारा कोंडतो." तिने एक तण उपटून बांधावर फेकलं. "खरंच उतरला? का वरनंच हाका मारल्या?"

"उतरला, आई. तसं लिहिलंच आहे."

"मग घालू दे पानी. येती मी."

येते म्हणाली! मी बांधावरून उड्या मारत मोटारीकडे निघाले. कुंडलिकमामा मोट थांबवून ओरडला, "अवं मास्तरीनबाय! पाय मोडला तर साळा कोन घेनार?"

४ एप्रिल. बारामती

आज बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची परीक्षा. आई माझं निळं पातळ नेसून आली होती. दहा आज्ञा — धडाधड. प्रभूची प्रार्थना — पाण्यासारखी. मी मागे बसून बोटं मोजत होते. मग मतांगीकार. पुरला गेला, म्हणाली, आणि मोठ्याने, ठसक्यात —

"आडात उतरला."

तानूबाईने तोंडाला पदर लावला. गावोगाव बायकांना शास्त्र वाचून दाखवते ना, ती चुकांवर टपलेलीच असते. "पाळकसाहेब, आडातच न्हाय, तर पोहऱ्यात कुठनं यायचं!"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले.

"साखरबाई," पाळक समजुतीने म्हणाले, "अधोलोकात. आड म्हणजे विहीर."

"ठावं हाय की मला आड म्हंजी काय," आई म्हणाली.

ईस्टरला सगळ्या मंडळीपुढे म्हणायचं आहे. तेवढा शब्द सुधारा म्हणाले. तोवर आई माझ्याकडेच राहणार. आठ दिवसांत मुली पूर्णांक-अपूर्णांक शिकतात, आईला एक शब्द येणार नाही?

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

होसान्ना! आणि अ-धो-लो-का-त पन्नासदा.

"आडलोकात," आई म्हणते.

८ एप्रिल

"आदुलोकात!" प्रगती!

१० एप्रिल, शुभ शुक्रवार

तीन तास उपासना. आई बाकावर बसली नाही, खाली जमिनीवर बसली. घरी आल्यावर अन्नाला शिवली नाही.

११ एप्रिल

आज माझा शनिवार! मला वाटलं होतं, आज मीच काहीतरी मोठं बोलेन. बोलली आई.

देवळात नेहमीचा कल्ला. बाक ओढताहेत, फरशी घासताहेत, तानूबाईचा हुकूम सुटतोय. आईने सरळ जाऊन तिच्या हातातला खराटा काढून घेतला.

"आज त्यो खाली हाय. खाली मानूस असताना वर धडाधडा चालत्यात व्हय? माती पडती अंगावर. गप ऱ्हावा समद्या."

आणि गंमत म्हणजे सगळ्या गप्प झाल्या! तानूबाईसुद्धा! बाक चौघींनी उचलून नेले. चपला दाराबाहेर गेल्या. इतकी हलकी झाडलोट मी जन्मात पाहिली नाही. मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम.

दुपारी आई आवारातल्या आडाच्या काठावर बसलेली. मी मागे लागलेच. "एकदा म्हण. शेवटचं."

"अधोलोकात," ती म्हणाली. स्वच्छ. ध, ल, सगळं जागच्या जागी!

मी टाळ्या पिटल्या. "अगं, येतंय की तुला!"

"कवाचं येतंय."

अशी फिरकी घेते माझी! उद्या! उद्या!

१२ एप्रिल, ईस्टर

पहाटे केस विंचरताना आईने सांगितलं. पटकी नव्हती. निरवांगीच्या विहिरीची दरड ढासळली. दादा आतून बोलत होता, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत. "काठावर अर्धं गाव व्हतं. वरनं समद्यांनी हाका मारल्या. उतरलं कुनी न्हाय." तिसऱ्या दिवशी मालकाने विहीर बुजवली. "तितंच हाय त्यो. तू पोर व्हतीस, म्हनून पटकी सांगितली."

देवळात आई सगळ्यांपुढे उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "आडात उतरला."

कुणीतरी हसलं. मी माझ्या बाकावर उभी राहिले आणि तिच्याहून मोठ्याने तेच म्हणाले.