अक्वा म्हणजे पाणी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या कामाच्या जागी तुमचा आवाज येतोच. नागपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. डॉक्टर केसपेपरवर एखादा लांबलचक शब्द लिहितात आणि मी तो वाचायच्या आधी कानामागून कुणीतरी हळूच म्हणतं, 'फोड.' आधी मी वळून पाहायचे. आता पाहत नाही.

तुम्ही बिरसीच्या शाळेत आलात तेव्हा मी आठवीत होते. घरी आम्ही पोवारी बोलायचो, गोंदियाच्या बाजारात हिंदी, वर्गात मराठी. इंग्रजी ही फक्त पाठ करायची गोष्ट होती. मी अर्थ घोकून यायचे आणि उभी राहून धडाधड म्हणून दाखवायचे. एके दिवशी तुम्ही मला मध्येच थांबवलंत. "रट्टा काऊन मारून राहिली? शब्द गिळू नको, फोड," म्हणालात. वर्ग हसला आणि मी रडवेली झाले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी नेलंत. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. तुम्ही त्यांच्या टोपलीतली पोळी उचलून दोन तुकडे केलेत, एक माझ्या हातावर ठेवलात आणि विचारलंत, कंपनी म्हणजे काय? मी म्हटलं, कारखाना. तुम्ही मान हलवलीत. कॉम म्हणजे सोबत, पॅनिस म्हणजे पोळी. सोबत बसून पोळी खातात ती कंपनी. मी तुकडा तोंडात टाकला आणि तो शब्द कायमचा माझा झाला. तरुणपणी तुम्ही मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्यानं औषधाच्या बाटल्यांवरची नावं फोडून दाखवत तुम्हाला लॅटिन शिकवलं, हे त्याच संध्याकाळी कळलं.

बाबांना ते पटत नव्हतं. मेलेल्या लोकांची भाषा पोरीले कायले पायजे, असं ते म्हणायचे. तुम्ही त्यांच्याजवळ धानाच्या बांधीवर जाऊन बसलात. काय बोललात ते मला कुणी सांगितलं नाही, पण बारावीनंतर माझ्या लग्नाचं बोलणं थांबलं आणि मी नर्सिंगला गेले.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा काकूंचा फोन आला. तुम्हाला लकवा मारला होता. उजवा हात गेला होता आणि वाचाही. मी सुट्टी काढून आले. धानाच्या रोवणीचे दिवस होते, सगळे शेतात, गावात माणूस दिसत नव्हतं, वरून गावाजवळच्या धावपट्टीवरची शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत होती. तुम्ही घराच्या पुढल्या छपरीत खाटेवर होता. मला पाहिलंत, ओळखलंत, पण नाव येईना. काकूंचंही येत नव्हतं. ओठ हलायचे, घशातून नुसता आवाज निघायचा, आणि तुम्ही डावी मूठ खाटेवर आपटायचात.

काकूंनी मला चुलीजवळ बोलावलं. तुम्ही सकाळपासून काहीतरी एकच म्हणत होता, ते त्यांना कळत नव्हतं. "बेटा, हे का म्हणून राह्यले? मले तं वाटते, देव अंगात आला," त्या म्हणाल्या. मी तुमच्या तोंडाजवळ कान नेला. तुम्ही अक्वा म्हणत होता.

मी पाण्याचा पेला तुमच्या ओठांना लावला आणि तुम्ही तो घटाघट प्यायलात. काकू पाहतच राहिल्या. पोवारी गेली होती, मराठी गेली होती, इंग्रजीसुद्धा गेली होती. मागे फक्त शब्दांची ती लॅटिन मुळं उरली होती. ऊन हवं असलं की तुम्ही सोल म्हणायचात, झोप आली की डॉर्म. भर दुपारी तो आवाज ऐकताना मी मागे सरकायचे. वाटायचं, हे तुम्ही नाहीच, तो म्हातारा पाद्री तुमच्या तोंडून बोलतो आहे.

काकूंना त्याचं दुःख फार झालं. "माझ्याशी तं एक शब्द नाई बोलत," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यापुढे बसल्या. अक्षर न गिरवलेली बाई, पण एकेक मूळ माझ्याकडून म्हणवून घ्यायची आणि चुलीपाशी पुटपुटत राहायची. मी परत निघायच्या सुमाराला त्या खाटेजवळ वाकून विचारायच्या, "अक्वा देऊ जी? का डॉर्म करता?" आणि तुम्ही त्यांच्याकडे असे पाहायचात की मी उठून अंगणात जायचे.

सुट्टी संपली त्या दिवशी मी पाया पडले. पिशवी उचलली. दारात पोचले तेव्हा तुम्ही स्पष्ट म्हणालात, "मन." मी वळले. तुम्ही डावा हात थोडा उचललात आणि पुन्हा म्हणालात, "मन."

काकूंचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, तुमची मराठी परत आली, तुम्ही मनातलं काही सांगता आहात. त्या तुमच्या छातीवर हात ठेवून बसल्या. मी उंबऱ्यावर उभी होते आणि माझ्या डोक्यात तुमचाच धडा चालू होता. मन म्हणजे हात, मॅन्युअलमधला. मन म्हणजे थांबणं, पर्मनंटमधलं, रिमेनमधलं. गोंदियाची बस हॉर्न देत होती. मी गेले.

धान निसवून लोंब्या बाहेर यायच्या आधी तुम्ही गेलात. तेरवीला काकू आल्यागेल्याला सांगत होत्या की शेवटी ते आपल्याशी मराठीत बोलले. आजही सांगतात. मी जाते तेव्हा तीच गोष्ट पुन्हा ऐकते आणि मान डोलावते.

सर, मी ड्युटी संपवून वॉर्डाच्या दारातून बाहेर पडते तेव्हा तुम्ही अजून तसेच मागून 'मन' म्हणता आणि माझे पाय अडतात. तुम्ही हात मागत होता, की काकूंना काही सांगत होता, की मला थांब म्हणत होता, ते मला कळलेलं नाही. पण ते माझ्यासाठीच असावं असं मला वाटतं. काकूंकडे त्या एका शब्दाशिवाय दुसरं काहीही नाही, हे माहीत असूनही वाटतं. तुमचा पत्ता म्हणून मला बिरसीचं ते घरच ठाऊक आहे, आणि तिथे आलेलं पत्र काकू शेजारच्या मुलीकडून वाचून घेतात. म्हणून हे पाठवत नाही.