पहिली धावणारी

आकुर्डी,
११ जानेवारी २०२६

प्रिय कौशल्या,

आधी घरचं सगळं खुशाल असल्याचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू न घाबरता वाचशील. आमच्या नंदकिशोरांचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, पण सकाळचं फिरणं चुकवत नाहीत. माझं बीपी गोळीचं ऐकतंय. ओवीचे आई-बाबा दोघंही चाकणला नोकरीला, शिफ्ट सांभाळून दमलेले, त्यामुळे नात आमच्याकडेच असते. तिच्याबरोबर तू पाठवलेला इंद्रायणी तांदूळ मिळाला. भात शिजला तसा वास जिन्यापर्यंत गेला.

पण खरं सांगू? पहिला घास घेतानाच मनात आलं, इतक्या वर्षांत हिने कधी मूठभर तांदूळ पाठवला नाही, मग यंदाच का?

हसू नकोस. फोन केला तर तू "मीटिंगमधी हाय" म्हणून ठेवतेस, म्हणून लिहितेय. सिस्टर बेनेडिक्टाचा नियम आठवतो ना? शाळेच्या हॉकी संघातल्या दोन मुली भांडल्या की त्यांनी तोंडाने बोलायचं नाही, आधी एकमेकींना पत्र लिहायचं, आणि पान पुरं भरल्याशिवाय स्टिक हातात मिळायची नाही. तेही इंग्रजीत! तुझं पत्र "यू आर बॅड, आय ॲम ऑल्सो बॅड" याच्या पुढे कधी गेलं नाही. उरलेलं पान तू फुलं काढून भरायचीस. मोशीहून रोज सायकल मारत येणारी तू, निळ्या पिनाफोरच्या खिशात चिंचा. कॉन्व्हेंटचं ते लाल मातीचं मैदान मला अजून स्वप्नात दिसतं.

आपलं भांडण अजून झालेलं नाही. होऊ नये म्हणून लिहिते.

पवना पँथर्सने ओवीला निवडलं तेव्हा मी सोसायटीभर पेढे वाटले. व्यावसायिक संघ, टीव्हीवर सामने, आणि संघाची सल्लागार म्हणून आपली कौशल्या! मला वाटलं, पोर घरातल्याच माणसाच्या हातात आहे. तिला घेतलं होतं पुढच्या फळीत, गोल करण्यासाठी. महिनाभर ती तिथे खेळलीही. मग एकाएकी तिला मागे, मधल्या फळीत हाफला आणलं. आणि आता आपल्यावर पेनल्टी कॉर्नर आला की गोलरेषेवरून सगळ्यांत आधी धावून जाते ती ओवी.

हे मी तुला सांगायला नको, पण मला लिहून बघायचंय. समोरची दांडगी खेळाडू चेंडू स्टिकवर ओढून बंदुकीसारखा गोलकडे फेकते, आणि माझी एकोणीस वर्षांची नात सरळ तिच्या अंगावर धावत जाते. तोंडाला एक जाळीचा मास्क, गुडघ्यांना दोन पट्ट्या. तेवढंच.

आता ऐक. घरात पाहुणे नाहीत, सरबत नाही, थंडी अशी की पाण्यात हात घालवत नाही, आणि फ्रीजरमधला बर्फ संपलेला असतो. परवा वर्षाचा मटार सोलून गोठवला होता त्यातली पिशवी काढली, तर ती मधे खोलगट गोठलेली. मी ती ओट्यावर धरून पाहिली. कौशल्या, तिला मांडीचा आकार आला होता.

"ओवी, ही पिशवी कुणी घेतली होती?"

"आजी, मटारभात कर ना आज," म्हणाली, आणि खोलीत गेली. चालताना उजवा पाय जरा जपून.

तुमच्या प्रशिक्षकाला, रविराजला, मी मैदानावर गाठलं. मुलगा सभ्य आहे. म्हणाला, "काकू, आता हॉकी बदललीय. पोझिशन पक्की नसते. ओवीची डेव्हलपमेंट चाललीय."

मी म्हटलं, "डेव्हलपमेंट काळीनिळी असते का?"

तो म्हणाला, "कौशल्यामॅडमशी बोला."

म्हणून तुझ्याशी बोलतेय. मी काही जोडत नाहीये, नुसतं सांगते. तुझ्या घरी निवड समितीची बैठक झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात ओवी मागे गेली. त्याच सामन्यात तुझी नात सायली पुढच्या फळीत आली. आपल्या वेळी सिस्टर कुणावर रागावली की तिला मागे उभी करायची, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणखी एक. नेहरूनगरच्या मैदानावर मी तुझ्यापासून दोन ओळी वर बसते. पेनल्टी कॉर्नरची शिट्टी झाली की तू उठतेस आणि नळाकडे जातेस. दर वेळी. इतकी तहान कुणाला लागत नाही. ओवी धावते तेव्हा तुझ्याच्याने बघवत का नाही?

इथे मी एक वाक्य लिहून खोडलं आहे. तू ते उजेडात धरून वाचशील, तेही मला ठाऊक आहे.

मागणं एवढंच. ओवीला मागे खेळवा, पुढे खेळवा, बाकावर बसवा. पण रविवारच्या उपांत्य सामन्यात पहिली धावायला लावू नका. तिचं वय शिकायचं आहे, खर्ची पडायचं नाही. तू एक शब्द टाकलास तर रविराज ऐकेल.

तुझी,
मृदुला

ता. क. सायलीच्या हनुवटीचे टाके आता दिसत नाहीत ना? उन्हाळ्यात ती स्कूटीवरून पडल्याचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तिला जपून चालवायला सांग.

---

आकुर्डी,
१६ जानेवारी २०२६

प्रिय कौशे,

तू लिहिणार नाहीस हे मला माहीतच होतं. तुझा आवाजी निरोप मी इतक्यांदा ऐकला की नंदकिशोर म्हणाले, "आता तिला जेवायलाच बोलव." तरी तुझ्याच शब्दांत इथे उतरवते, कारण तू नंतर "मी आसं म्हनलेच न्हाई" म्हणतेस.

"मृदुले, तुजं पत्र पोचलं. चार पानं! शाळंतबी आशीच निबंध लिवायचीस. खोडलेलंबी वाचलं, सायलीसाठी जागा केली म्हून. आगं, ओवी पुढं असली की चेंडूची वाट बघत ऱ्हाती. मागनं आली की सगळा खेळ ती उभा करती. हे मला दिसतं, रविराजला दिसतं, तुला दिसत न्हाई, कारण तू आजी हाईस. मागं आणली ही शिक्षा न्हाई, बढती हाय. पर ऱ्हाऊ दे. रविराजशी बोलले. रविवारी तुजी ओवी पहिली धावनार न्हाई. झालं? आता तांदूळ शिजव आन् गप खा."

मी खूश व्हायला हवं होतं. झालेही, चहा होईपर्यंत. मग वाटलं, ही इतक्या लवकर ऐकते? पंचायतीशी, पालिकेशी, सासऱ्याशी भांडून जिने मोशीत मुलींचा संघ उभा केला, ती बाई माझ्या एका पत्राने वाकते? ज्या बाईची बाजू खरी आहे ती अशी वाकत नाही. म्हणजे काहीतरी आहे, असं मी नंदकिशोरना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "नाही म्हणाली असती तरी संशय, हो म्हणाली तरी संशय. तिने करावं काय?"

संध्याकाळी ओवी सरावाहून आली. किट दारातच टाकलं. चपला काढल्या नाहीत.

"तू कौशल्याआजीला पत्र लिहिलंस?"

"लिहिलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"मटाराच्या पिशवीने," मी म्हटलं. मला वाटलं हसेल.

"आता प्राजक्ता धावणार. ठाऊक आहे? तुझ्यामुळे."

प्राजक्ता म्हणजे तुमची ती दापोडीची सतरा वर्षांची पोर. मी तिला ओळखते, ओवीबरोबर एकदा जेवायला आली होती. पोळी दुमडून दोन घासांत संपवते आणि प्रत्येक गोष्टीला "चालेल काकू" म्हणते. ओवी सांगत होती ते मी उभ्यानेच ऐकलं. पहिली धावणारी म्हणजे आंधळी पळणारी नव्हे म्हणे. स्टिक चेंडूच्या रेषेत टाकायची आणि आपण रेषेच्या जरा बाहेर राहायचं. समोरचीचे खांदे वाचायचे. हे अंगात यायला महिने लागतात, आणि येईपर्यंत मांडीवर एखाददुसरा चेंडू बसतो. ओवीला ते आता येतं. प्राजक्ता सरळ पळते, आणि मास्क सारखा नाकावर घसरतो.

"मग तिला का घेतात?" मी विचारलं.

"मग कुणाला घेणार? मोठ्या खेळाडू नाही म्हणतात. सायली आधी धावायची. तिला लागलं, तिच्या आजीने तिला काढलं. रविराजसर प्राजूला उभी करत होते, म्हणून मी हात वर केला. मला कुणी लावलं नव्हतं, आजी."

मी विचारलं, "सायलीला कुठे लागलं?"

ओवी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, मला ठाऊक आहे.

हनुवटीला, कौशे. स्कूटी नव्हतीच.

त्या रात्री, तू काहीतरी लपवतेस हा माझा संशय पहिल्यांदाच खरा निघाला आणि मला त्याचं काही करता येईना. सायलीसाठी तू पुढची जागा केलीस असं मी म्हणत होते, ते खोटं होतं. तू तिला चेंडूच्या वाटेतून काढलंस, एवढंच. तिथे माझी पोर येऊन उभी राहिली. ते तुला बघवेना, म्हणून तांदूळ. म्हणून नळ. तुला कुणी विचारू नये म्हणून स्कूटी. मला तुझा राग यायला हवा, आणि येतोही. आजही भात खाताना आला. पण राग नीट धरायला जाते तर तो माझ्याच हाताला लागतो. तू तुझ्या नातीसाठी रविराजला एक शब्द टाकलास. मी माझ्या नातीसाठी तुला चार पानं लिहिली. दोन्ही वेळा गोलरेषेवर जागा रिकामी झाली, आणि ती रिकामी ठेवता येत नाही.

काल मी कुणाला न सांगता सकाळच्या सरावाला गेले, जाळीबाहेर उभी राहिले. ओवी प्राजक्ताच्या मागे उभी राहून तिच्या मास्कचा पट्टा आवळत होती. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही ती पोर त्या मुलीशी किती हळू बोलत होती! "खांदा बघ, चेंडू नाही. खांदा." प्राजक्ता मान हलवत होती. म्हणत असेल, "चालेल." मग शिट्टी झाली, ती धावली, आणि सरळ धावली. चेंडू तिच्या कानावरून गेला. तुझा रविराज ओरडला, "गुड करेज!" मला तिथेच जाळीला डोकं टेकावंसं वाटलं. घाबरलेल्या मुलीला धीट म्हटलं की तिला मागे वळता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

प्राजक्ताच्या घरून तुला पत्र येणार नाही. तिच्या आईला वाटतं, संघात मोठी माणसं आहेत, ती बघतात.

तर कौशे, आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. माझी विनंती मी परत घेते. रविवारी ओवीला पहिली धावू दे.

वरचं हे एक वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. मधे उठून दोनदा कपडे घड्या केले.

आणि ती फुकट परत घेत नाही. रविराजला तू तीन गोष्टी सांगशील. प्राजक्ता या मोसमात धावणार नाही, फक्त शिकेल, आणि सरावात तिच्यावर कुणी पूर्ण जोराने चेंडू मारणार नाही. धावणारी कोण हे भीतीवरून किंवा कुणाच्या आजीवरून ठरणार नाही, कसबावरून ठरेल. तिसरी गोष्ट तुला जड जाईल. ओवी म्हणते, तिच्या मागून दुसरी धावणारी लागते, आणि ते काम संघात सगळ्यांत चांगलं सायलीलाच येतं. तिला परत यायचंही आहे. ओवीला तिने सांगितलंय. तुला सांगायला घाबरते. तू तिला विचारून बघ. तिने नाही म्हटलं तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. पण तू तिच्या वतीने नाही म्हणू नकोस.

तू हे करशील का, याचा मला अजून भरवसा नाही. मी तुला पन्नास वर्षं ओळखते, म्हणूनच भरवसा नाही. तू पहिल्या दोन गोष्टींना मान डोलावशील आणि तिसरीला मीटिंगमध्ये जाशील. म्हणून रविवारी मी वर बसणार नाही. तुझ्या शेजारी बसणार आहे, नळाच्या बाजूला. तुला उठायचं झालं तर माझ्या दुखऱ्या पायांवरून जावं लागेल. पाण्याची बाटली मी आणेन.

तुला आठवतं, आपल्यावर कॉर्नर आला की सिस्टर नाव घ्यायच्या आधीच तू रेषेवर वाकून तयार असायचीस? मास्क नाही, पट्ट्या नाहीत, पायात कॅनव्हासचे बूट. तुझ्या भुवईवरचा तो व्रण तसाच झालेला. तू धावायचीस आणि मी मागे गोलचा खांब धरून उभी असायचे, डोळे मिटून. चेंडू गोलच्या फळीवर आदळला की एकदम उघडायचे आणि आधी तुला शोधायचे.

परवा डोळे उघडे ठेवीन म्हणते. तूही ठेव.

तुझी,
अजून खांबाजवळच उभी,
मृदुला