लॅपटॉपचा काही दोष नाही

भेस्तान, सुरत
२२ एप्रिल २०२५

चि. नीलम हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं आणि राकेशरावांचं बरं चाललं असेल असं धरते. इथे ऊन फार आहे. कूलर दुरुस्त करून घेतला.

पत्र छापील बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. आईने हाताने का लिहिलं नाही, ते पुढे येईल. मेल केला असता तर तू अर्ध्यावरच फोन लावला असतास. पोस्टाने मला दोन-चार दिवस मिळतात.

आधी सोबतची पुस्तिका बघ. आपल्या विहाराची जयंतीची स्मरणिका. मजकूर गोळा करणं, टाइप करणं, पानं लावणं, सगळं माझं. तू 'भंगारात दे' म्हणालीस त्याच लॅपटॉपवर केलं. कतारगामच्या दुरुस्तीवाल्या भूपेंद्रभाईंनीही हात झटकले होते. "मासी, आ तो रमकडुं छे, नवुं लई लो." खेळणं तर खेळणं. जुन्या सिस्टिमला त्यात हलायला जागा नव्हती. चालू करून चहा प्यावा, कप विसळावा, तरी चक्र फिरतंच. गेल्या दिवाळीत मी हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवलं, त्यावरून आधी चालवून पाहिलं, मगच जुनं पुसून ते बसवलं. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी कळफलक आला. आता चहाचं आधण ठेवेपर्यंत तयार असतो. शिकवलं कुणी नाही. सूचना नीट वाचल्या, बस. वर्गात मुलांना मी आयुष्यभर तेच सांगत होते, आधी प्रश्न पूर्ण वाचा.

परवा तू फोनवर म्हणालीस, "ज्यावर साधा कॅमेरा चालत नाही, ते लिनक्स काय कामाचं? मेमध्ये येते, नवा आणते." तुझ्या ऑफिसातही तू हे सांगितलंस. ते मला सहन झालं नाही.

कॅमेरा पहिल्या दिवसापासून चालतो. खोटं मी बोलले.

जानेवारीत सकाळी माझ्या हातून कप पडला आणि उचलता येईना. शेजारच्या रंभाबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि रिक्षा आणली. अर्धांगवायू. सौम्य आहे, वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. असं तोंड तुला पडद्यावर दाखवायचं नव्हतं. तू त्याच रात्री गाडीत बसली असतीस, माझं सामान बांधलं असतंस आणि या घराला कुलूप लागलं असतं. रंभाबाईंना मी शपथ घातली. त्या म्हणाल्या, "बाई, तोंड वाकडं झालं, पण दरारा काही कमी नाही झाला." त्यांच्यावर रागावू नकोस. तुला सांगा म्हणून त्याच रोज माझ्या मागे लागल्या होत्या.

हा लॅपटॉप एका हाताने उचलता येतो. तुझा नवा येईल का, तोलून बघ. मराठीत ख, घ, ध, भ शिफ्टशिवाय निघत नाहीत, आणि माझं एक बोट दोन कळांवर पुरेना. मग सेटिंगमध्ये शोधलं. एक खूण केली की शिफ्ट दाबून सोडायची, नंतर अक्षर. धरून ठेवावी लागत नाही. ज्याने ही सोय ठेवली त्याला माझ्यासारखं कुणीतरी माहीत असणार. ती खूण केल्यावर पहिला शब्द 'जयभीम' लिहिला. मग स्मरणिका. सगळी डाव्या हाताने. छपाईला देईपर्यंत समितीत कुणाला सांगितलं नाही. मला कौतुक कामाचं हवं होतं.

ओठ आता बराच सरळ झाला आहे. उजव्या बोटांत थोडी ताकद आली आहे. व्यायाम चुकवत नाही.

मेमध्ये ये. न्यायला येऊ नकोस, बघायला ये. मी कशी राहते ते चार दिवस बघ, स्वयंपाक माझ्या हातचा जेव, मग काय बोलायचं ते बोल. ऐकून घेईन. कबूल करीनच असं नाही.

येत्या रविवारी सकाळी कॅमेरा लावून बसते. तूही बस. रडायचं नाही. आधी स्मरणिका वाचून ठेव, चुका काढ. सापडल्या तर सांग.

खाली नाव पेनाने लिहिलं आहे, डाव्या हाताने. पहिलीतल्या मुलासारखं आलं आहे. मी त्याला पूर्ण गुण दिले.

तुझी आई,
प्रमिला