हार्लनविरुद्धची तक्रार

वेंडेल,

वर्गातून आलास की जेवून घे. बीन्स शेगडीवर आहेत.

पलीकडच्या खोलीतला हार्लन झोपेत ओरडतो, म्हणून कॉलेजच्या कचेरीत तक्रार मीच केली होती. तुला बोलले नाही. बाळ दचकून उठतं, एवढंच डोक्यात होतं. आज त्यांना या सैनिकांच्या बराकीतली खोली सोडायची नोटीस आली. त्याची बायको आर्डिस माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "कोण गं असेल मेलं? लढाईवरून जिवंत आलेल्या माणसाला झोपूही देत नाहीत!"

तू मागे म्हणाला होतास, "ओरडू दे त्याला. त्याच्या आवाजानं जाग येते, म्हणून मी तिथून सुटतो." मला वाटलं, तू उगाच त्याची बाजू घेतोयस. तूही त्याच लढाईवरून आलास, पण झोपेत तू कुठून सुटतोस, हे मी विचारलंसुद्धा नाही.

तक्रार मागे घ्यायला धावत गेले. कारकून म्हणाला, "बाई, उशीर झाला. ती खोली दुसऱ्या सैनिकाच्या कुटुंबाला दिली."

बाळाला घेऊन आर्डिसकडे सामान बांधायला जातेय. तिला खरं सांगणार आहे. मधल्या भिंतीच्या फळ्यांतून तुला सगळं ऐकू येईल. ती मला काहीही बोलली, तरी मध्ये येऊ नकोस.

लोइस