तुझी पहार

माय, तुर्भ्याच्या ज्या खाणीत तू दगड फोडलेस तिथे मी अजून झाडं लावते. लावते म्हणजे लावून घेते. डोक्यावर टोपी, हातात वही आणि पुढे कामाला बायका. खाण बंद पडल्यावर पहिले दोन पावसाळे त्या बायकांत तूही होतीस आणि चारचौघांत मला 'मॅडम' म्हणायचीस. मी ओशाळायचे, तू मात्र मजेत असायचीस. आज तुला जे सांगायचंय त्यात काही मजा नाही. मला एका बाईचा हेवा वाटतो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो कमी होत नाही, आणि तो तुझ्यामुळेच सुरू झालाय.

तीच ती, जालन्याकडची, तुझ्या शेजारी बसून भाकरी खाणारी. तिला तू दगडाखालची ओल ओळखायला शिकवलंस. भर चैत्रात, ऊन चढायच्या आत, पहारीनं दगड उचकटायचा आणि त्याच्या खालच्या अंगावरून हात फिरवायचा. गार लागला तर तिथे चिंधी बांधलेली काडी रोवायची. पावसाळ्यात रोप त्याच जागी लावायचं, कारण खाली फट असते आणि फटीत पाणी टिकतं. मी तेव्हा नकाशाप्रमाणे सरळ ओळीत खड्डे घेत होते, ट्रकनं आणलेली लाल माती त्यात भरत होते. तुम्ही दोघी पलीकडच्या टोकाला वाकून बोलत असायचात. मी जवळ आले की तू गप्प व्हायचीस. एकदा मीही बसले आणि दगडाला हात घातला, तर तू माझं मनगट धरलंस. "ऊठ," म्हणालीस, "तुझं काम वहीत हाय." तेव्हा मॅडम-बिडम काही नव्हतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू तिला बोलावून घेतलंस आणि खाटेखालची पहार दिलीस. तिथेही ती पहार तू जवळ ठेवली होतीस, नर्स रोज कुरकुरायची. मला छत्री दिलीस. काळी, लांब दांड्याची, साहेबलोक घेतात तशी. पहिल्याच वाऱ्यात ती उलटी झाली. पहारीला काय होणार?

तिचे उंबर आता दोन पुरुष उंच झालेत, करंजांना शेंगा धरतात. माझ्या ओळी इतक्या सरळ आहेत की मेलेली रोपं मोजायला सोपं जातं. गेल्या आठवड्यात बेलापूरहून साहेब आले, थेट तिच्या उंबराखाली जाऊन उभे राहिले आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, मावशीनं. मॅडमच्या आईनं असं म्हणाली असती तर तिचं काय जात होतं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी ती हात धुवायला गेली तेव्हा मी पहार उचलली आणि गाडीच्या डिकीत टाकली.

चार दिवस ती शोधत होती. झुडपं बघितली, टाकीमागे बघितलं, बाकीच्या बायकांशी भांडली. मला विचारलं तेव्हा, असेल इथंच कुठेतरी, असं मी म्हणाले. आपण एवढं सहज खोटं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. रविवारी खाणीत कुणी नसताना मी एकटी गेले. तुझ्या पहारीनं सकाळभर दगड उलटले, प्रत्येकाखाली हात घातला. सगळे सारखेच लागले. तुझी मुलगी असून मला एकही जागा सापडली नाही, फक्त तळहाताला फोड आला.

आज जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. पहार गेली म्हणजे मावशी पुन्हा गेल्यासारखं वाटतं, म्हणाली. मग म्हणाली, "राग नका धरू मॅडम, पन मला तुमचा लई राग यायचा. मावशी दगड दाखवायची आन बोलायची तुमचंच. माझ्या लेकीचे हात बघ, म्हनायची, एक घट्टा नाय. मी एवढं शिकत व्हते, माझं कंदी काय बोलली नाय." बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या तळहातावरच्या फोडाकडे गेलं. मी मूठ मिटली.

हे वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, इथेच राहील. पहार अजून डिकीत आहे, माय. उद्या सकाळी तिला देईन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं.